आधी काय, मागाहून काय

जुन्या मराठी गद्यातले कथन कोणत्या शब्दांच्या आधाराने पुढे सरकते, यावर एक छोटा लेख लिहावा असे आमच्या मनात बरेच दिवस होते. महानुभावीय गद्य वाचणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येते की तेथे 'मग' आणि 'तंव' हे दोन शब्द फार कष्ट उपसतात. 'मग' एका घटनेला दुसरीच्या पाठीमागे उभे करतो. 'तंव' एक घटना चालू असतानाच दुसरी मध्ये आणून सोडतो. या दोन शब्दांची मोजदाद करावी, ते ग्रंथाच्या कोणत्या भागात दाटीने येतात आणि कोणत्या भागात विरळ होतात ते पाहावे, म्हणजे निवेदकाच्या चालीची काही कल्पना येईल, असा आमचा बेत होता. बेत साधा होता. मात्र तो पार पाडताना आमच्या हातून एका व्यक्तीवर अन्याय झाला. तो कसा झाला हे समजून घेताना आम्हांला संगणकाच्या पोटातील एका गोष्टीची ओळख करून घ्यावी लागली. साहित्याच्या अभ्यासकांनाही ती ठाऊक असावी असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

ग्रंथाची छापील प्रत आमच्याजवळ होती. ती संगणकावर उतरवून घेण्याचे काम आमच्या एका विद्यार्थिनीने केले. टंकलेखन स्वच्छ, ओळी-पानांच्या खुणा जागच्या जागी, पाठभेद वेगळे काढलेले. मोजणीची आज्ञावली मात्र आम्ही स्वतः लिहिली. उतारवयात सी भाषा शिकलेल्या माणसाला जो उत्साह असतो तो आमच्यातही होता. आमच्या संगणकाच्या प्रोसेसरात चार गाभे आहेत असे कळल्यावर एकाच गाभ्याला राबवून तीन रिकामे बसवणे आम्हांला उधळपट्टी वाटली. म्हणून ग्रंथाचे चार भाग केले आणि प्रत्येक भाग एकेका थ्रेडकडे, म्हणजे आज्ञांच्या स्वतंत्र धाग्याकडे, सोपवला. चौघांनी आपापला भाग वाचायचा आणि 'मग' दिसला की एका सामायिक आकड्यात एक मिळवायचा. चार कारकून, एक नोंदवही. यात काही चुकेल असे आमच्या स्वप्नातही आले नाही. दहा-वीस पानांवर चाचणी घेतली, हाताने मोजलेला आकडा आणि यंत्राचा आकडा जुळला, आणि आम्ही निर्धास्त झालो.

पूर्ण ग्रंथाचा पहिला आकडा १,८४६ आला. विद्यार्थिनीने पुढल्या आठवड्यात शीर्षकांतील दोन-चार दुरुस्त्या करून नवी फाइल पाठवली. तिच्यावर आकडा आला १,८३९. शीर्षकांत एकही 'मग' नव्हता. आम्ही तिला विचारले, मजकुरात काही बदल केलास का? ती म्हणाली, "नाही सर, फक्त शीर्षकं." आम्ही म्हटले, नीट आठवून पाहा. तिने पुन्हा सगळी पाने छापील प्रतीशी ताडली आणि पुन्हा फाइल पाठवली. या खेपेस १,८४२. आता आमची खात्रीच पटली की हिच्याकडे निरनिराळ्या प्रती एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि कबूल करण्याचा तिला संकोच वाटतो आहे. यंत्र खोटे बोलत नाही, माणूस विसरतो. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर आमच्याजवळ एवढेच शहाणपण शिल्लक होते.

पंधरा दिवस ती बिचारी पानांशी पाने लावत बसली. आम्ही दरम्यान लेखाचा कच्चा खर्डा चार जाणकारांना अभिप्रायासाठी पाठवला आणि तळटिपेत लिहिले, की संगणकीय प्रतीत टंकलेखनाच्या काही विसंगती असल्याने आकडे स्थूलमानाने घ्यावेत. वाक्य सभ्य होते. त्याचा अर्थ एवढाच होता की चूक तिची आहे.

शेवटी तीच एके दिवशी म्हणाली, "सर, एकच फाइल दोनदा मोजून बघू या का?"

हा प्रश्न इतका साधा होता की तो आपल्याला सुचला नाही याची आधी लाज वाटली आणि मग थोडा राग आला. आम्ही तिच्यादेखत मोजणी चालवली. १,८४४. अक्षरही न बदलता पुन्हा चालवली. १,८३७. दहा वेळा चालवली तेव्हा सात निरनिराळे आकडे आले. ती काही बोलली नाही. फाइल तीच होती, ग्रंथ तोच होता. आमचाच हिशेब दर खेपेस वेगळा होत होता. तिने नंतर सबंध ग्रंथातील 'मग' हाताने मोजले. ते १,८५१ भरले. यंत्राचा प्रत्येक आकडा त्याहून कमी होता, एकदाही जास्त नव्हता. या गोष्टीत सगळे उत्तर दडलेले होते, पण ते वाचण्याची दृष्टी आम्हांला अजून यायची होती.

'एक मिळव' ही आम्हांला एक क्रिया वाटते. आज्ञावलीत ती एका ओळीत लिहिली जाते, म्हणून ती एका क्षणात होते असे आम्ही धरून चाललो. यंत्राच्या पातळीवर ती बहुधा तीन पायऱ्यांची असते. स्मृतीतून आकडा वाचा, त्यात एक मिळवा, आलेला आकडा परत लिहा. एका कारकुनाने ४१२ वाचला. त्याने ४१३ लिहिण्यापूर्वीच दुसऱ्या कारकुनानेही ४१२ वाचला. पहिल्याने ४१३ लिहिला, दुसऱ्यानेही ४१३ लिहिला. दोन 'मग' दिसले आणि एकच नोंदला गेला. दोघांनी प्रामाणिकपणे काम केले, दोघांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर, आणि तरी नोंदवही चुकली. अशा वेळी आकडा केवळ कमी होऊ शकतो, वाढू शकत नाही. म्हणूनच आमचे सगळे आकडे १,८५१ च्या अलीकडचे होते.

या प्रकाराला रेस कंडिशन म्हणतात. शर्यत हा शब्द समर्पक आहे, कारण निकाल कोण आधी पोचतो यावर ठरतो, आणि कोण आधी पोचेल हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती नसते. दहा-वीस पानांत दोन कारकून नेमके एकाच क्षणी नोंदवहीपाशी येण्याचा योग फार क्वचित, म्हणून आमची चाचणी यशस्वी झाली. सबंध ग्रंथात तो योग काही वेळा येणारच. चाचणीतून चूक सापडू शकते; चूक नाही हे चाचणीने सिद्ध होत नाही. ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना प्रबंधाच्या संदर्भात अनेकदा सांगितली असेल, पण स्वतःच्या आज्ञावलीला लावली नव्हती.

यावरचा उपाय अविभाज्य क्रिया. संगणकशास्त्रात तिला अ‍ॅटॉमिक ऑपरेशन म्हणतात. हा शब्द अणुबॉम्बच्या बाजूने आलेला नाही. ज्याचे तुकडे होत नाहीत ते, हा ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ येथे अभिप्रेत आहे. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनातील परमाणूही असाच निरवयव, ज्याला पुढे विभागता येत नाही असा. वाचणे, मिळवणे आणि लिहिणे या तीन पायऱ्या अशा जोडून घ्यायच्या की बाहेरच्या कोणालाही त्या अर्ध्यावर दिसू नयेत. एक तर क्रिया अजून झालेली नाही, किंवा पुरती झाली आहे. मधली अवस्था पाहण्यासाठी उपलब्धच नाही. प्रोसेसरमध्ये यासाठी खास सोय असते. इंटेलच्या घराण्यात आज्ञेच्या आधी 'लॉक' हा उपसर्ग लावला की ती आज्ञा पुरी होईपर्यंत स्मृतीच्या त्या जागेला दुसरा गाभा हात लावू शकत नाही.

दुसरी एक युक्ती आम्हांला अधिक आवडली. आयबीएमच्या सिस्टिम ३७० या संगणकांवर ती १९७० च्या दशकात आली आणि तिचे नाव 'कम्पेअर अँड स्वॅप', म्हणजे ताडा आणि बदला. कारकून म्हणतो, 'मी पाहिले तेव्हा येथे ४१२ होते. अजून ४१२ असेल तरच ४१३ करा. नसेल तर मला तसे सांगा, मी पुन्हा नव्याने वाचीन.' ताडणे आणि बदलणे ही मिळून एकच अविभाज्य क्रिया. यात कोणाला कुलपाबाहेर ताटकळत ठेवलेले नाही. फक्त एवढा आग्रह आहे, की ज्या समजुतीवर तुम्ही लिहीत आहात ती समजूत लिहिण्याच्या क्षणीही खरी असली पाहिजे. संशोधनातील शिस्त याहून फार वेगळी नाही.

आम्ही आमच्या आकड्याला अविभाज्य केले आणि दहाही खेपांना १,८५१ आला. पुढे एका जाणत्या मित्राने सांगितले की अशी क्रिया साध्या बेरजेपेक्षा महाग पडते. चारही कारकुनांना एकाच आकड्यावर झटायला लावण्यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचा कागद द्यावा आणि शेवटी चार कागदांची बेरीज करावी. हा उपाय अर्थातच सर्वांत चांगला होता. जे वाटून घेण्याची गरज नाही ते वाटून घेऊच नये. तो आम्ही अमलात आणला. पण आकडा बरोबर आल्याने आमचे समाधान झाले नाही. पंधरा दिवस एका निरपराध माणसाकडे आम्ही संशयाने पाहिले होते, आणि चूक जर अशी अधूनमधून उगवणारी नसती तर हे घडलेच नसते. नेहमी होणारी चूक स्वतःच आपली साक्ष देते. कधीतरी होणारी चूक जो तिला पाहतो त्यालाच खोटे पाडते.

हे आम्ही आमच्या छोट्याशा प्रसंगावरून म्हणत असलो तरी या विधानामागे फार मोठे दुःख आहे. कॅनडात बनलेले थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना नियोजित मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. पहिल्या प्रसंगी रुग्णबाईंनी आपण भाजल्याचे तेथल्या तेथे सांगितले, आणि असे होणे शक्य नाही असे उत्तर त्यांना मिळाले. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये असे दोन प्रसंग घडले. मार्चमधल्या प्रसंगानंतर उत्पादकाचे अभियंते येऊन गेले, पण यंत्राने त्यांच्यासमोर तसे काही केले नाही.

कारण असे होते. यंत्र चालवणारी तंत्रज्ञ आपल्या कामात तरबेज होती. उपचाराचा प्रकार चुकीचा टंकला गेला तर ती झटकन मागे जाऊन तो दुरुस्त करीत असे. यंत्राच्या चुंबकांना जागेवर येण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या अवधीत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागाला दिसे, दुसऱ्याला दिसत नसे. पडद्यावर दुरुस्त मजकूर आणि यंत्राच्या पोटात अर्धी जुनी मांडणी. सावकाश टंकणाऱ्याच्या हातून ही चूक होतच नव्हती. एप्रिलमधल्या प्रसंगानंतर तेथील रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तंत्रज्ञाला सोबत घेतले, ती नेहमी टंकते त्याच वेगाने पुन्हापुन्हा टंकून पाहिले, आणि तेव्हा कुठे बिघाड हुकमी उभा करता आला. पुढे १९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी या अपघातांचा जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्यात इतर अनेक कारणांबरोबर हेही नोंदले आहे, की आज्ञावलीतील सामायिक चलांची तपासणी आणि बदल या क्रिया अविभाज्य नव्हत्या. या कारणाशेजारी दुसरेही एक कारण ठेवावेसे वाटते, आणि ते माणसांचे आहे. सांगणाऱ्यांचे खरे मानले गेले नाही.

ते वाचल्यावर आम्ही तळटीप काढून टाकली आणि नवा खर्डा तयार केला. विषय येथे संपला असे वाटले. परंतु दुसरा धडा अजून शिल्लक होता.

आज्ञावली आता थोडी वाढली होती. एक थ्रेड प्रकरणवार तक्ता भरी, आणि तक्ता भरून झाला की 'तयार' असा एक झेंडा वर करी. दुसरा थ्रेड झेंड्याकडे पाहत बसे, आणि तो वर गेला की तक्ता छापी. झेंड्याच्या चलाला 'व्होलाटाइल' असा शेरा मारला की काम भागते, अशी आमची ऐकीव समजूत. आमच्या इंटेलच्या संगणकावर हे सारे काही महिने बिनतक्रार चालले. विद्यार्थिनीने तळहाताएवढा एक स्वस्तातला संगणक घेतला होता; त्याचा प्रोसेसर एआरएम घराण्यातला. एके रात्री तिचा फोन आला. "सर, तक्त्यात दोन प्रकरणांपुढे शून्य आलंय. पुन्हा चालवलं तर येत नाही."

या खेपेस आम्ही तिला 'तू काय केलेस' असे विचारले नाही. 'काय दिसले ते सांग' असे विचारले. एवढी सुधारणा आमच्यात झाली होती.

येथे अविभाज्यतेचा प्रश्नच नव्हता. झेंडा अर्धवट वर जात नाही. प्रश्न क्रमाचा होता. आम्ही आधी तक्ता भरण्याची ओळ लिहिली होती आणि तिच्याखाली झेंडा वर करण्याची. ज्याला झेंडा दिसला त्याला तक्ता भरलेला दिसणारच, हे आम्ही गृहीत धरले होते. लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एकच, ही समजूत आम्हांला पानावर वाचण्याच्या सवयीतून मिळालेली. संगणक ती पाळण्यास बांधलेला नाही. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर वेगासाठी ओळींचा क्रम बदलू शकतो. 'व्होलाटाइल'चा शेरा झेंड्यावर होता, तक्त्यावर नव्हता. आणि कंपायलरने क्रम राखला तरी पुढे प्रोसेसर तो राखीलच असे नाही. त्याला तर या शेऱ्याचा पत्ताच नसतो.

प्रोसेसरच्या या वागण्याची कल्पना येण्यासाठी सरकारी कचेरीतील आवक-जावक टेबल डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक गाभा आपले लिखाण थेट सामायिक स्मृतीत नेऊन ठेवत नाही. ते आपल्या जावक पेटीत टाकून तो पुढच्या कामाला लागतो. जावक पेटीतील पत्रे यथावकाश रवाना होतात. एआरएमसारख्या घराण्यात ती टाकली त्याच क्रमाने पोचतील अशी हमी नसते. मागून टाकलेले पत्र जवळचे असेल तर आधी पोचते. तिकडे दुसऱ्या गाभ्याच्या आवक टेबलावरही 'तुमच्याजवळची जुनी प्रत रद्द समजावी' अशा सूचना न उघडता पडून असू शकतात. आमच्या बाबतीत झेंड्याचे पत्र आधी पोचले, तक्त्याची दोन पत्रे वाटेत राहिली, आणि छापणाऱ्याने त्या जागी आपल्याजवळची जुनी शून्ये छापली. इंटेलच्या घराण्यात एका गाभ्याची लिखाणे इतरांना लिहिल्या क्रमानेच दिसतात, म्हणून आमच्याकडे ही चूक झाकलेली राहिली. आमची आज्ञावली तेथेही चुकीचीच होती. फक्त कचेरी शिस्तीची होती.

मात्र त्या शिस्तीलाही मर्यादा आहे. दोन थ्रेडनी एकमेकांच्या आड न येता आळीपाळीने काम कसे करावे, या प्रश्नाचे पहिले प्रसिद्ध विवेचन एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये केले. १९८१ मध्ये गॅरी पीटरसन यांनी दोघांपुरते एक अत्यंत सुटसुटीत उत्तर दिले. 'मला आत यायचे आहे' असा आपला झेंडा वर करायचा, मग 'आधी तुम्ही' असे म्हणून पाळी दुसऱ्याला द्यायची, आणि त्याला यायचे नसेल किंवा पाळी आपली झाली असेल तरच आत जायचे. कागदावर याची सिद्धता निर्दोष आहे. इंटेलच्या प्रोसेसरवर मात्र ते जसेच्या तसे उतरवले तर मोडू शकते, कारण स्वतःचा झेंडा जावक पेटीत असतानाच गाभा दुसऱ्याचा झेंडा वाचून मोकळा होतो. दोघेही एकमेकांचा झेंडा खाली पाहतात आणि दोघेही आत शिरतात. सिद्धतेत खोट नाही. सर्वांना एकच क्रम दिसतो हे तिने न सांगता धरलेले गृहीतक आहे, आणि ते प्रत्यक्षात नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी हे गृहीतक १९७९ मध्ये काटेकोर शब्दांत मांडले होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी दाखवले होते, की विखुरलेल्या संगणकांच्या व्यवस्थेत 'आधी घडले' हे नाते घड्याळावरून ठरवता येत नाही, एकाने धाडलेला निरोप दुसऱ्याला मिळाला यावरूनच ते ठरवावे लागते.

उपाय म्हणजे मेमरी बॅरियर. त्याला अडसर म्हणता येईल. आज्ञांच्या मध्ये ही एक आडवी रेघ असते. 'या रेघेच्या वरची लिखाणे इतरांना दिसण्याजोगी झाल्याशिवाय खालचे लिखाण कोणाला दिसू देऊ नका,' असे ती लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगते. तिने पत्रे लवकर पोचत नाहीत. ती फक्त क्रम राखते. पण आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढली गोष्ट. एकट्या लिहिणाऱ्याने अडसर घालून भागत नाही. वाचणाऱ्यानेही झेंडा पाहिल्यावर आणि तक्ता वाचण्यापूर्वी आपल्या बाजूस अडसर घालावा लागतो, नाहीतर लिखाण वेळेवर येऊनही तो आपल्या टेबलावरची जुनी प्रतच वाचील. लिहिणाऱ्याच्या बाजूला 'रिलीज' आणि वाचणाऱ्याच्या बाजूला 'अ‍ॅक्वायर' म्हणतात. एकाने सोडायचे, दुसऱ्याने घ्यायचे. दोन्ही मिळून एक करार होतो. एकाच बाजूची सही असलेला करार निरुपयोगी. हे करार भाषांच्या व्याकरणात यायलाही बराच काळ लागला. जावा भाषेने आपले स्मृतीविषयक नियम २००४ मध्ये नव्याने मांडले, सी आणि सी प्लस प्लस यांच्या प्रमाणग्रंथांत ते २०११ मध्ये आले. तोवर थ्रेड वापरणाऱ्या आज्ञावल्या जगभर चालू होत्याच, आमच्यासारख्याच भरवशावर.

पाणिनी शिकलेल्यांना यात काही ओळखीचे वाटेल. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत, म्हणजे त्रिपादीत, एका नियमाने केलेला बदल त्याच्या आधीच्या नियमांच्या दृष्टीने असिद्ध मानला जातो. घडूनही न घडल्यासारखा. कोणत्या नियमाला कोणाचे कार्य दिसावे आणि कोणाचे दिसू नये, हे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. दोन्ही शास्त्रे एकच आहेत असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. पाणिनीपुढे जावक पेटी नव्हती. पण 'कार्य घडले' आणि 'कार्य दिसले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा संबंध गृहीत न धरता सांगावा लागतो, हा विवेक आमच्या अभ्यासक्रमात होता. आम्ही तो परीक्षेपुरता शिकवत आलो.

आता शेवटची हकीकत. दुरुस्त खर्डा छापून झाल्यावर काही महिन्यांनी एका चर्चासत्रात आमच्या विद्यार्थिनीने स्वतःचा निबंध वाचला. प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ अभ्यासकांनी तिला अगदी सौम्य शब्दांत विचारले, की तुमच्या संगणकीय प्रतीत टंकलेखनाच्या बऱ्याच विसंगती आहेत ना? ते आमच्या पहिल्या खर्ड्याच्या चार वाचकांपैकी एक होते. तळटीप आम्ही केव्हाच काढली होती. आमच्या दृष्टीने दुरुस्ती झालेली होती, छापलेलीही होती. त्यांच्या टेबलावर मात्र जुनीच प्रत होती, आणि ती रद्द झाल्याचे त्यांना कोणी कळवले नव्हते. विद्यार्थिनीने आमच्याकडे पाहिले. आम्ही उभे राहून सांगितले, की चूक प्रतीत नव्हती, आमच्या मोजणीत होती, आणि ती या बाईंनीच शोधून काढली.

त्या रात्री आम्ही उरलेल्या तिघांना वेगवेगळी पत्रे लिहिली. जुनी तळटीप चुकीची होती, ती का चुकीची होती, आणि हे पत्र पोचल्याचे व वाचल्याचे कृपया उलट टपाली कळवावे, एवढाच मजकूर. दोघांची उत्तरे आठवडाभरात आली. तिसऱ्यांचे महिना झाला तरी आले नाही. मग आम्ही गाडी पकडून त्यांच्या गावी गेलो, पत्र त्यांच्या हाती दिले, आणि त्यांनी ते वाचून चष्मा काढीपर्यंत समोर बसून राहिलो.